गारवा कोणाचा, घरघर कोणाची?

नीतिशास्त्राचा विचार करणारे पंडित उदाहरणे घेतात ती बहुधा मोठ्या प्रसंगांची. मारेकऱ्याच्या भीतीने आपल्या घरात येऊन लपलेल्या मनुष्याविषयी त्या मारेकऱ्यास खरे सांगावे की खोटे, बुडत्या नावेतून आधी कोणास उतरवावे, अशा प्रश्नांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि ते योग्यही आहे. परंतु संसारी मनुष्याच्या वाट्यास असे प्रसंग जन्मात एखादे वेळी आले तर येतात. त्याची नीती रोज कसास लागते ती जिन्यात, सामाईक नळावर आणि दोन घरांमधल्या भिंतीपाशी. अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून तिला आणखी एक कसोटीचे स्थान लाभले आहे. ते म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसविलेले आणि रात्रभर घरघरणारे वातानुकूलन यंत्र, ज्यास घरोघरी नुसते ‘एसी’ म्हणतात. विषय क्षुल्लक आहे असे कित्येकांस वाटेल. पण एकाचे सुख आणि दुसऱ्याची झोप ही ज्या ठिकाणी समोरासमोर उभी राहतात, तेथे न्याय कोणता हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही; आणि ते ठरविल्यावाचून शेजारी म्हणून एकत्र राहणेही फार दिवस सुखाचे होत नाही.

प्रथम हे यंत्र वस्तुतः काय करते ते पाहू. ते गारवा उत्पन्न करते असे आपण बोलतो. परंतु गारवा ही उत्पन्न करता येण्यासारखी वस्तूच नव्हे. खोलीतील उष्णता उचलून भिंतीपलीकडे नेऊन टाकणे एवढेच त्याचे काम. बरे, हे काम फुकट होत नाही. त्यासाठी जी वीज खर्चावी लागते तिचीही शेवटी उष्णताच होते, आणि तीही बाहेरच टाकावी लागते. दीड टनाचे म्हणून जे यंत्र मध्यम आकाराच्या खोलीस लावतात, ते पूर्ण जोराने चालू असता खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता काढते, आणि त्यापायी सुमारे दीड किलोवॉट वीज खाते. म्हणजे बाहेरच्या हवेत पडणारी उष्णता पावणेसात किलोवॉटच्या आसपास जाते. न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गिझर आपल्या परिचयाचा आहे. तसे तीन गिझर खिडकीबाहेर एकदम पेटविले तरी इतकी ऊब निघणार नाही. सारांश, आत जेवढे सुख झाले त्याहून अधिक ताप बाहेर झाला, आणि हा काही कारागिराचा दोष नव्हे. तो सृष्टीचाच नियम आहे. यंत्र कितीही सुधारले तरी तोटा कमी होईल, नाहीसा होणार नाही.

उष्णतेची जी गोष्ट तीच आवाजाची. १९०२ साली विलिस कॅरियर याने अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आपली पहिली योजना आखली ती मनुष्याच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगे व रंगावर रंग नीट बसेना, म्हणून. पुढे ते यंत्र माणसाच्या निजायच्या खोलीत आले तेव्हा त्याची घरघरही खोलीत आली. खिडकीत बसवायच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात पंखा आणि कॉम्प्रेसर एकाच पेटीत असतात. त्यामुळे ज्याला गारवा हवा त्यालाच आवाजही सोसावा लागे. नंतर स्प्लिट पद्धती निघाली. तिच्यात यंत्राचे दोन भाग करून मंद आवाजाचा पंखा आत ठेवला आणि कॉम्प्रेसर व मोठा पंखा असलेला भाग भिंतीबाहेर टांगला. मालकाच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा झाली. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी एक नवीच गोष्ट घडली, ती ही की, सुख आणि त्या सुखाची किंमत यांची फारकत झाली. सुख भिंतीच्या अलीकडे राहिले, किंमत पलीकडे गेली.

या ठिकाणी जुन्या घरातील जात्याची आठवण होणे साहजिक आहे. पहाटे चार वाजता जात्याची घरघर सुरू होई, आणि ती काही हलकी नसे. तथापि तिच्याविषयी कोणी गाऱ्हाणे केल्याचे ऐकिवात नाही. सवय झालेली असे हे एक कारण. पण तेवढेच नव्हे. ज्या कानांवर ती घरघर पडे त्याच मुखांत त्या पिठाची भाकरी पडत असे. शेजारच्या घरातही त्याच वेळी जाते फिरत असे, आणि आवाजाची देवघेव सारखी होई. एसीचा आवाज ऐकणाऱ्याच्या वाट्यास मात्र त्यातली भाकरी येत नाही. येते ती फक्त घरघर, आणि वर गरम वारा.

आता या घरघरीने झोपेचे नुकसान होते तरी किती? आपल्या वैद्यकाने झोपेस फार वरचे स्थान दिले आहे. चरकाने शरीर सांभाळणारे जे तीन उपस्तंभ सांगितले त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. ही निद्रा म्हणजे केवळ जाणीव मालवणे नव्हे, आणि निजलेल्या मनुष्याचा कानही काही निजत नाही. बृहदारण्यकोपनिषदात अजातशत्रू राजा गार्ग्यास एका निजलेल्या मनुष्यापाशी नेतो आणि मोठमोठ्या नावांनी त्यास हाका मारतो. तो उठत नाही. हाताने हलविल्यावर मात्र उठतो. आधुनिक शास्त्रज्ञांनी निजलेल्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजून असे दाखविले आहे की, स्वतःचे नाव कानी पडताच झोपेतही मेंदू जो प्रतिसाद देतो तो इतर नावांस देत नाही. म्हणजे कान रात्रभर पहारा करीत असतो आणि कोणत्या आवाजास उठावे याची निवड आत चालू असते. ह्या पहाऱ्याची मजुरी शरीरास द्यावी लागते. आवाजाने मनुष्य पुरता जागा झाला नाही तरी गाढ झोपेतून उथळ झोपेत येतो, नाडी क्षणभर जलद होते, कूस बदलली जाते; आणि सकाळी विचारले तर त्यास यातले काहीच आठवत नसते. एकसुरी आवाजापेक्षा थांबून थांबून येणारा आवाज अधिक बाधतो. म्हणूनच जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर, जो खोली गार झाली की थांबतो आणि पाच-दहा मिनिटांनी खडखडत पुन्हा सुरू होतो, तो अखंड चालणाऱ्या पंख्यापेक्षा झोपेचा मोठा वैरी होय. वेग कमीजास्त करणाऱ्या इन्व्हर्टर पद्धतीने हा दोष पुष्कळ कमी केला आहे. पण गंजलेला स्टँड, झिजलेली रबरी बैठक आणि धुळीने माखलेले पंख्याचे पाते यांवर कोणत्याच पद्धतीचा इलाज चालत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सवयीचा. “चार दिवस त्रास होईल, मग सवय होईल, आम्हांस तर आता त्या आवाजावाचून झोपच येत नाही,” असे यंत्राचे मालक म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. मंद, अखंड आवाज रस्त्यावरचे भोंगे आणि कुत्र्यांचे भुंकणे झाकून टाकतो, आणि कित्येकांस तो अंगाईसारखा लागतो. परंतु येथे दोन गोष्टींचा घोटाळा होत आहे. एक तर सवय होते ती जागे होण्याच्या बाबतीत. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया तितकीशी सवय लावून घेत नाही असे आढळून आले आहे. दुसरे असे की, स्वतः निवडलेला आवाज आणि लादलेला आवाज हे मापाने सारखे असले तरी एक नव्हेत. पाळण्याची कुरकुर आईस जागवीत नाही. तीच कुरकुर परक्या घरातून येऊ लागली तर तीच आई कूस बदलते. मालकाच्या हातात रिमोट आहे. वाटले तर तो बंद करू शकतो. शेजाऱ्यास ते यंत्र केव्हा सुरू होईल, केव्हा थांबेल, पहाटेपर्यंत चालेल की काय, यातले काहीच ठाऊक नाही. ही परवशताच अर्धी झोप नेते.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या मार्गाने येतो. मन ताब्यात असले म्हणजे बाहेरच्या कोलाहलाने काय होणार, असे सांगणारे साधुपुरुष आपल्याकडे आहेत तसे युरोपातही होऊन गेले. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात, आपण सार्वजनिक स्नानगृहाच्या वर बिऱ्हाड केले असून खाली व्यायाम करणाऱ्यांचे हुंकार, मर्दन करणाऱ्याच्या हाताचे चपाटे आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या चालू असता मन कसे स्थिर ठेवतो, याचे मोठे बहारीचे वर्णन केले आहे. आत खळबळ नसेल तर बाहेरच्या आवाजाची मातब्बरी नाही, हा त्याचा सिद्धांत. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस तो म्हणतो की, मला स्वतःची परीक्षा पाहावयाची होती ती झाली, आता मी हे बिऱ्हाड सोडतो. सोपा उपाय असता व्यर्थ छळ का सोसावा? आम्हांस ही कबुली त्या सिद्धांताइतकीच मोलाची वाटते. सहन करणे हा सहन करणाऱ्याचा गुण होय. तो त्रास देणाऱ्याचा परवाना होऊ शकत नाही. शिवाय सेनेका धनवान होता, त्यास बिऱ्हाड बदलता येत होते. बँकेचे हप्ते फेडणाऱ्या आजच्या कुटुंबास ती सोय कोठली?

येथेच या प्रश्नातला सर्वांत बोचरा भाग पुढे येतो. यंत्र चालविणाऱ्याची खिडकी बंद असते; बंद असल्यावाचून खोली गार होत नाही. शेजाऱ्याकडे यंत्र नाही, म्हणून त्यास वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवणे भाग आहे. अर्थात आवाज काढणाऱ्यास आवाज ऐकू येत नाही, आणि ज्यास ऐकू येतो तो बहुधा दोघांत अधिक गरीब असतो, किंवा अधिक काटकसरी असतो, किंवा म्हातारपणामुळे गार हवा न मानवणारा असतो. इमारतीच्या तळाशी, त्या टांगलेल्या यंत्रांच्या खाली खुर्ची टाकून रात्र काढणारा पहारेकरी तर कोणाच्या हिशेबातच नसतो. पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. काही दिवस त्रास सोसून तो शेजारीही हप्त्यावर एसी घेतो आणि आपली खिडकी लावून घेतो. आता त्याची घरघर तिसऱ्याकडे जाते, आणि तिसऱ्याची चौथ्याकडे. सारखी दोन यंत्रे एकत्र चालली की आवाज तीन डेसिबलने वाढतो, दहा चालली की दहाने. आणि दहा डेसिबलची वाढ कानास सुमारे दुप्पट भासते. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत तर तो भिंतींवर आपटून घुमत राहतो. प्रत्येक जण म्हणतो की माझे यंत्र काही फार वाजत नाही, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. शेवटी सर्वांच्या खिडक्या बंद होतात. आणि ज्या खिडकीतून घरघर येत होती त्याच खिडकीतून शेजारच्या आजारी माणसाचे कण्हणेही ऐकू येत होते, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मग न्याय काय? इंग्लंडात १८७९ साली निकालात निघालेला एक खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. लंडनमध्ये विग्मोर स्ट्रीटवर एका मिठाईवाल्याचा कारखाना होता, आणि त्याचे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. पाठीमागे विंपोल स्ट्रीटवर राहणाऱ्या डॉक्टराने आपल्या बागेच्या टोकाशी, त्याच भिंतीस लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. आणि खलबत्त्याच्या धक्क्याने रोग्याच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत म्हणून फिर्याद केली. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून आहे. न्यायालयाने निकाल डॉक्टराच्या बाजूने दिला. १९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने या खटल्याकडे निराळ्याच दृष्टीने पाहिले. त्याचे म्हणणे असे की, उपद्रव हा नेहमी दुहेरी असतो. मिठाईवाल्यास थांबविले तर डॉक्टराचे भले होते, पण मिठाईवाल्याचे नुकसान होते. तेव्हा प्रश्न ‘कोणास आवरावे’ असा एकेरी नसून ‘कोणते नुकसान मोठे’ असा आहे; आणि दोघांस खर्चावाचून बोलणी करता आली तर ते आपसांत सौदा करून योग्य त्या ठिकाणी पोहोचतीलच.

हा विचार आम्ही हसण्यावारी नेत नाही. उकाड्याने तळमळणे हेही नुकसानच आहे. वैशाखातील मुंबईची रात्र ज्याने अनुभवली आहे, तान्हे मूल घामोळ्यांनी रडताना किंवा वृद्ध मनुष्य श्वासासाठी धडपडताना ज्याने पाहिला आहे, तो एसी म्हणजे केवळ चैन असे म्हणणार नाही. रात्रीचा उकाडा प्राणघातकही होऊ शकतो, आणि शहरांच्या रात्री पूर्वीपेक्षा अधिक तापू लागल्या आहेत. आमच्या वाडवडिलांनी काय सोसले याचे दाखले देऊन आजच्या मनुष्याचा गारवा हिरावून घेण्यात आम्हांस काही पुरुषार्थ दिसत नाही. परंतु कोसच्याच तराजूने तोलले तर काय दिसते? मालकाने आपला गारवा सोडावा असे कोणीच म्हणत नाही. रबरी बैठक बदलणे, स्टँडचे सैल बोल्ट आवळणे, वर्षातून दोनदा यंत्र साफ करविणे, बाहेरचा भाग शेजाऱ्याच्या उशाशी न टांगता रस्त्याकडच्या भिंतीवर टांगणे, अठरा अंशांऐवजी चोवीस-पंचवीस अंशांवर भागविणे आणि वर पंखा लावणे, यांपैकी बहुतेकांस थोडे पैसे, थोडी खटपट लागते. केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीपासून नवी यंत्रे आपोआप चोवीस अंशांवर सुरू व्हावीत असा नियम केला तो विजेच्या बचतीसाठी. पण अंश वाढला की कॉम्प्रेसरची धावपळ कमी होते, आणि शेजाऱ्याच्या कानांसही त्याचा लाभ मिळतो. एका पारड्यात एवढी खटपट आणि दुसऱ्यात एका कुटुंबाची तीन महिन्यांची झोप ठेवली, तर काटा कोणीकडे झुकतो हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. राहता राहिला सौदा. तर निजलेला मनुष्य सौदा करू शकत नाही, हेच तर त्याचे निजणे. झोपेत मनुष्य आपले सर्व रक्षण जाग्या लोकांच्या हवाली करतो. म्हणून त्या वेळी त्याच्या वतीने विचार करण्याचे कर्तव्य, ज्याच्या हातात यंत्राची कळ आहे त्याच्यावर येऊन पडते.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा आहे. आहे खरा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निजायच्या खोलीत अखंड आवाज ३० डेसिबलहून अधिक नसावा असे सुचविले होते. रामलीला मैदानावर निजलेल्या जमावास पोलिसांनी रात्री हुसकावून लावल्याच्या प्रकरणी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्यात झोप ही जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. परंतु कायद्याचा कान मोठ्या आवाजासाठी घडविलेला असतो. लाउडस्पीकर त्यास ऐकू येतो. रात्री दोन वाजता एका भिंतीतून उशीपर्यंत पोहोचणारी थरथर मोजावयास कोणता शिपाई येणार? आणि आला तरी, शेजाऱ्याविरुद्ध तक्रार गुदरून मिळविलेल्या झोपेत सकाळी जिन्यात भेटताना मान खाली घालावी लागते. जेथे कायदा पोहोचत नाही, किंवा पोहोचला तर संबंध तोडून जातो, तेथेच नीतीचे राज्य सुरू होते.

या नीतीचे मूळ सूत्र आपल्याकडे जुनेच आहे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यावरून ओळखणे, ज्यास आत्मौपम्य म्हणतात, त्याचे विवेचन लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त विस्ताराने केले आहे. परंतु आत्मौपम्य साधण्यासाठी एक गोष्ट आधी घडावी लागते, ती ही की दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आमच्या मते या यंत्राचा खरा धोका याच ठिकाणी आहे. ते मनुष्यास क्रूर करीत नाही; ते त्याची खिडकी लावून घेते. शेजाऱ्यास छळावे असा हेतू शंभरांत एका मालकाचाही नसेल. उरलेल्या नव्व्याण्णवांस आपले यंत्र बाहेरून कसे वाजते हे कधी ऐकावयासच मिळालेले नसते. निरुपद्रवी माणसांच्या हातून उपद्रव होतो तो असा. आणि हे केवळ एसीपुरते खरे नाही. आपल्या सुखाची किंमत दृष्टीआड करण्याची साधने जसजशी वाढत जातील, तसतसे हे अज्ञान अधिक स्वस्त होत जाईल.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. ज्याने एसी बसविला असेल त्याने एका रात्री, सर्वत्र निजानीज झाल्यावर, तो चालू ठेवून खाली उतरावे आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली पाच मिनिटे उभे राहावे. आणि दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्यास सरळ विचारावे की, आमच्या यंत्राचा त्रास होतो का? बहुतेक ठिकाणी संकोचाने “नाही हो, काही नाही” असेच उत्तर मिळेल; ते उत्तर पहिल्याच खेपेस खरे मानू नये. ज्यास त्रास होतो त्यानेही मनात अढी धरून वर्षभर कुढत बसण्यापेक्षा दिवसाउजेडी, गोड शब्दांत, एकदा सांगून टाकावे. एवढ्याने सगळीच यंत्रे गप्प होतील असे नाही, पण ज्याची घरघर त्याच्या कानावर एकदा तरी पडेल. आपल्या गारव्याची किंमत आपण मोजली की दुसऱ्याने, हे ज्यास ठाऊक नाही त्याची झोप कितीही गाढ असली तरी तिला निर्दोष म्हणण्यास आम्ही तयार नाही.